मधला खांब

कोंडीराम गमरे यांना आयुष्यात कोणी आळशी म्हटलं नाही, आणि तेच त्यांना नडलं. माणूस जरा आळशी असता, एखादा रविवार लोळून काढला असता, एखादा पत्ते कुटण्यात घालवला असता, तर बापाच्या टोपीवरचा बिल्ला आज धड राहिला असता. पण छे! दहाव्या वर्षापासून ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत एक रविवार चुकवला नाही पठ्ठ्याने. परळच्या चाळीत पाणी येवो न येवो, गिरणीचा संप असो, घरात बारसं असो नाहीतर मयत, सकाळचा चहा झाला की फडकं घ्यायचं आणि बिल्ला घासायचा.

आई जाईबाईने लावलेली सवय ती. आधी चिंच आणि राख, पुढे दुकानात मिळणारं पितळेचं पॉलिश. बाप, भागुराम गमरे, महार रेजिमेंटमध्ये शिपाई होता. रेजिमेंट उभी राहिली त्याच्या दुसऱ्याच वर्षी भरती झाला, दुसरं महायुद्ध संपल्यावर सुटून घरी आला आणि वर्षभरात तापाने गेला. कोंडीराम तेव्हा तीन वर्षांचे. बापाचा फोटो नाही. कागद होते ते गावच्या घराला आग लागली त्यात गेले. बाप काळा होता की गोरा, उंच की बुटका, काही ठाऊक नाही. बाप म्हणजे हा बिल्ला, दोन बोटांत मावेल एवढा.

जाईबाई त्यावर बोट ठेवून शिकवायची. "ह्या दोन मशीनगनी, एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या. हा मधला खांब, कोरेगावचा. आणि ही इंग्रजी अक्षरं म्हणजे आपल्या पलटणीचं नाव. लढले त्यांची नावं कोरलीत त्या खांबावर."

पोराने धरून टाकलं की त्यात बापाचंही नाव असणार. दहाव्या वर्षी, एक जानेवारीला, आई त्याला कोरेगावला घेऊन गेली. पोरगं मान वर करून तासभर खऱ्या खांबाभोवती फिरलं. बापाचं नाव कुठेच नाही. असणार कसं? बाप जन्माला यायच्या आधी शंभर वर्षं तो खांब उभा! पण दहा वर्षांच्या पोराला हे कोण समजावणार? ते रडायला लागलं तशी जाईबाई म्हणाली, "आपल्या घरच्या खांबात आहे ना तुझा बाप. तो चमकव."

झालं. पोरगं चमकवायला लागलं ते थांबलंच नाही. अठराव्या वर्षी स्वतः भरतीला गेलं तर छाती एक इंच कमी भरली. मग गिरणीत फिनिशिंग खातं, गिरणी बंद पडल्यावर शाळेत शिपाई, मग पेन्शन. शिपाई झाले शेवटी, पण घंटा वाजवणारे. ह्यावर ते स्वतःच हसायचे. बापाचं नाव मात्र त्यांच्याबरोबर सगळीकडे गेलं, शाळेच्या दाखल्यावर, गिरणीच्या पासावर, रेशनकार्डावर. कोंडीराम भागुराम गमरे. सगळीकडे मधलं नाव म्हणून. नुसतं भागुराम गमरे असं, पहिल्यापासून सुरू होणारं, जगात कुठल्याही कागदावर एकदाही नाही. हे त्यांना फार लागायचं.

म्हणून नात प्रिती त्या दिवशी मोबाईल घेऊन आली तेव्हा म्हातारा चहाचा कप खाली ठेवायचंच विसरला. माजी सैनिकांची एक संस्था दादरला छोटंसं दालन उभं करत होती. पलटणींचे जुने बिल्ले, टोप्या, पट्टे. ज्याची वस्तू त्याच्या नावाची पितळी पाटी खाली लागणार.

"पणजोबांची लागेल," प्रिती म्हणाली. "शिपाई भागुराम गमरे, परळ."

"परत म्हण," कोंडीराम म्हणाले. तिने परत म्हणून दाखवलं. मग तिसऱ्यांदाही.

दालनाचं काम कॅप्टन विक्रांत सुर्वे बघत होते. निवृत्त माणूस, बोलायला मऊ, जुन्या बिल्ल्यांतला जाणकार. त्यांनी हातमोजे घातले, बिल्ला भिंगाखाली धरला आणि चहूबाजूंनी फिरवून बघितला. कोंडीराम खुर्चीच्या टोकावर बसून होते, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"बाबा, काय झिजवलाय हो हा," कॅप्टन शेवटी म्हणाले.

"सत्तर वर्षांचा हात आहे, साहेब," कोंडीराम अभिमानाने म्हणाले.

कॅप्टननी भिंग खाली ठेवलं. "वाईट वाटून घेऊ नका. सुरुवातीच्या बिल्ल्यावर मध्ये स्तंभ होता. पुढे स्तंभ काढला आणि त्या जागी खंजीर आला. खंजिराचे बिल्ले आजही मिळतात. स्तंभाचे फार थोडे राहिलेत. तुमच्या बिल्ल्यावर मला दोन बंदुका दिसतायत आणि मध्ये एक उभी रेघ. अक्षरं तर पार गेलीत. ही रेघ खांबाची असेल, खंजिराची असेल. मी कशाच्या जोरावर सांगू?"

"माझ्या आईने सांगितलंय. खांब आहे."

"तुमची आई खोटं बोलली असं मी म्हणेन का? पण खाली पाटीवर साल टाकायचंय, रेजिमेंटचं नाव टाकायचंय. उद्या कोणी विचारलं तर मला काहीतरी दाखवावं लागेल."

प्रितीने वाद घातला, आवाज चढवला. कोंडीरामांनी तिला हाताने गप्प केलं. कॅप्टननी बिल्ला उलटा केला. "असे बिल्ले साच्यात दाबून ठोकतात. पुढे जे वर उठतं ते मागे खोल उमटतं. मागची बाजू कोणी घासत नाही, त्यामुळे ती टिकते. पण तुमच्याकडे मागे हे काय भरलंय?"

मागे काळी लाख भरली होती. जाईबाईचं काम! पोकळ दागिना चेपू नये म्हणून सोनार आत लाख भरतात, तसं तिने लालबागच्या सोनाराकडून करून घेतलं होतं. नवऱ्याची एवढीच वस्तू उरलेली, तिला चेप पडू नये म्हणून.

"ती काढून आतली बाजू दाखवा. खांब दिसला की विषय संपला," कॅप्टन म्हणाले. "फक्त शुक्रवारपर्यंत. शुक्रवारी पाट्या करायला जातात."

तो सोमवार होता. बुधवारी सकाळी प्रितीने आजोबांना टॅक्सीत घातलं आणि फणसवाडीत मनमोहन वेलकरांच्या दारात उतरवलं. ती कामाला होती ती लॅब तिथून जवळ. "एक वाजता घ्यायला येते. कुठे जाऊ नका," असं बजावून ती गेली.

वेलकरांचं घराणं मुंबईचं जुनं. आजोबांपासून बिल्ले, मेडलं आणि त्यांचे पोलादी साचे कोरण्याचा धंदा. तळमजल्यावर कारखाना, वर घर. मनमोहन साठीचे, सडपातळ, कपाळावर कायम आठी, आणि जिभेला लगाम म्हणून नाही. आता शाळाशाळांतून कसले कसले प्लॅस्टिकचे बिल्ले येतात म्हणून जगावर रागावलेला माणूस.

"जय भीम, शेठ," कोंडीराम दारातून म्हणाले.

"या. मला शेठबीठ म्हणू नका, मी काही सावकार नाही. बसा. काय आणलंय?"

कोंडीरामांनी रुमालाची गाठ सोडली. आणि मग, कॅप्टनने सांगितलेलं सगळं बाजूला ठेवून, टॅक्सीत मनात घोळवलेलं तेच आधी तोंडातून निघालं. "काय नाय ओ, वडिलांचा बिल्ला आहे. हितं खाली चार-पाच अक्षरं होती, ती तेवढी परत कोरून द्या. आणि खांबाला जरा उठाव."

मनमोहन उसळलेच. "जुन्या वस्तूवर नवी अक्षरं? अहो काका, माझ्या आजोबांनी मला ह्याच पाटावर बसवून सांगितलं होतं, हात कापून घे पण खोटं काम करू नको. मी आत्ता दहा मिनिटांत कोरीन. अशी कोरीन की कुणाच्या बापालाही कळणार नाही. पण मग ती माझी अक्षरं, तुमच्या वडिलांची नव्हेत."

कोंडीराम ओशाळले. चोरी करताना धरल्यागत मान खाली गेली. मग त्यांनी खरं काय ते सगळं सांगितलं, पाटीपासून शुक्रवारपर्यंत. मनमोहन ऐकता ऐकता निवले. डोळ्याला भिंग लावून बिल्ला दिव्याखाली धरला.

"मध्ये हे काळं काय आहे?"

"मळ. दोन-तीन वर्षं झाली, जातच नाय. म्हणून हल्ली रोज घासतो."

मनमोहननी भिंग काढलं. पुन्हा लावलं. मग बिल्ला हळूच मऊ कापडावर ठेवला. "काका, हा मळ नाही. ही आतली लाख दिसतेय."

"म्हंजे?"

"म्हणजे पितळ संपलंय. खांब सगळ्यात वर उठलेला, सगळ्यात जास्त घासला तोच. तुम्ही दोन-तीन वर्षं लाख घासताय."

कोंडीरामांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं. डोळ्यांसमोर ते सगळे रविवार आले आणि प्रत्येकात आपला हात, फडक्यासकट, गोल गोल फिरणारा. आईने कौतुक केलेला हात. चाळीतली माणसं म्हणायची, गमरेंच्या घरातलं पितळ बघा, आणि आपण फुशारायचो. बापाला आपणच पुसलं. दर रविवारी थोडं थोडं, मायेने.

"पाणी घ्या," मनमोहन म्हणाले. त्यांनी स्टूल ओढून कोंडीरामांसमोर घेतलं. "ऐका आता. नीट ऐका. लाख काढली तर हे पितळ टिकणार नाही. ते फक्त लाखेच्या आधारावर उभं आहे. बंदुका राहतील, खांबाच्या जागी फट पडेल. म्हणजे पितळेच्या आतल्या बाजूला बघायला काही नाही."

"मग झालं की. मिटलं."

"पुरतं ऐकून घ्या हो! सोनाराने लाख गरम करून आत दाबली ना? तेव्हा पितळ नवं होतं. आतला खांब, आतली अक्षरं, सगळं त्या लाखेवर उमटलं असणार. साच्यातून काढल्यागत. पितळाला जरासा शेक दिला की लाखेचा गोळा अख्खा सुटतो. त्याच्यावर तुमचा खांब असेल. पण पितळ जाईल. आणि लाखेवर काही नसलं तर दोन्ही गेलं. तुम्ही सांगा."

सांगा म्हणे! ब्याऐंशी वर्षांच्या माणसाकडे त्याचा बाप दोन तुकड्यांत मागत होते आणि वर म्हणे सांगा. कोंडीरामांनी बिल्ल्याकडे बघितलं. खिडकीतून पडलेल्या उन्हात तो अजूनही झकास चमकत होता. घरी नेऊन भिंतीवर लावला असता तर कोणाला काय कळणार होतं? पण पाटी लागली नसती. भागुराम गमरे परत मधल्यामध्येच राहिला असता, आणि कोंडीराम गेल्यावर तिथूनही गेला असता.

"काढा," ते म्हणाले.

मनमोहननी स्पिरिटचा छोटा दिवा पेटवला. चिमट्यात बिल्ला धरला आणि ज्योतीवरून असा काही फिरवला की बघत राहावं. जवळ न्यायचा, लांब घ्यायचा, बोट लावून ऊब बघायची, परत. धंद्यात मुरलेला हात तो. कोंडीराम पुढे वाकून बघत होते. कारखान्यात जुन्या लाखेचा गोडसर वास पसरला आणि त्यांना एकदम आई आठवली, बांगड्या भरून घ्यायला बसलेली.

मग मनमोहननी कडेने बारीक सुरी घातली. टच्च असा आवाज झाला आणि पितळ सुटून कापडावर पडलं. मध्ये उभी फट. दोन बंदुका एकमेकींना धरून कशाबशा राहिलेल्या. कोंडीरामांनी डोळे मिटून घेतले.

"काका," मनमोहन म्हणाले. आवाज एकदम बदललेला. "काका, डोळे उघडा."

लाखेचा काळा गोळा मनमोहनच्या तळहातावर होता. त्यांनी तो दिव्याकडे तिरका केला. आणि तिथे खांब होता! चौथऱ्यासकट, वर निमुळता होत गेलेला, मधोमध जरा घासलेला, पण कडा अशा धारदार की काल ठोकल्यासारखा. खाली अक्षरं, एकेक वेगळं. कोंडीरामांना इंग्रजी फार येत नव्हतं, पण ही अक्षरं त्यांना तोंडपाठ होती. लहानपणी बोटाने गिरवलेली ती. मधे पन्नास-साठ वर्षं त्यांनी ती बघितलीच नव्हती आणि नाहीशी झाल्याचं त्यांना कळलंही नव्हतं.

"खंजीर नाही," मनमोहन हसून म्हणाले. तो माणूस हसला हेच नवल. "कोण म्हणतो खंजीर? बोलवा त्या कॅप्टनला. आहे ना खांब! कसा ठणठणीत उभा आहे बघा."

"आहे," कोंडीराम म्हणाले. डोळ्यांना धार लागली.

मनमोहननी गोळा कापडावर ठेवला. "गरम आहे अजून, मऊ आहे, निवू द्या. मी फोन आणतो वरून, चार्जिंगला लावलाय. आधी फोटो काढू, मग तुमच्या कॅप्टनला पाठवू. हात लावू नका हां."

"नाय लावत," कोंडीराम म्हणाले.

आणि त्यांना तसं वाटतही होतं. मनमोहन जिना चढून वर गेले. बारा पायऱ्या. वर त्यांनी बायकोला काहीतरी विचारलं, तिने काहीतरी उत्तर दिलं. खाली कोंडीराम आणि लाखेवरचा खांब, दोघेच.

आता काय सांगायचं! तुम्हीआम्ही असतो तर वेगळं वागलो असतो, असं छातीवर हात ठेवून म्हणेल का कोणी? जन्मात ज्याने बापाला बघितलं नाही त्याच्यासमोर बाप आला. उभा, स्पष्ट, पलटणीच्या नावासकट. छाती एक इंच कमी भरली म्हणून ज्याला कधी टोपी घालायला मिळाली नाही, त्याने तो गोळा दोन्ही हातांनी उचलला आणि कपाळाला लावला. टोपीवर बिल्ला लावतात तिथेच. डोळे मिटले, दाबून धरला, आणि मनात म्हणाले, "आबा." आयुष्यात हा शब्द त्यांनी कोणाला म्हटला नव्हता. चटका बसला तो त्यांना गोडच लागला.

जिन्यावर पावलं वाजली तेव्हा त्यांनी हात खाली घेतले.

गोळा सपाट झाला होता. चौथऱ्याचा एक कोपरा राहिला होता आणि त्यावर कोंडीरामांच्या कपाळाच्या सुरकुत्या उमटल्या होत्या, तीन आडव्या.

मनमोहन फोन हातात घेऊन तिथेच थबकले. त्यांनी गोळ्याकडे बघितलं, कोंडीरामांकडे बघितलं. ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. एवढा तापट माणूस, पण त्या चेहऱ्यावर ओरडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कोंडीराम सपाट लाख दोन्ही हातांत धरून बसले होते आणि मुलासारखे म्हणत होते, "मी नाय ओ मुद्दाम केलं. मी नाय मुद्दाम केलं."

मनमोहन समोर बसले. मग एकदम पुढे वाकले. "काका, हलू नका."

कपाळावर, भुवयांच्या मध्यावरून वर, लाल ठसा उठला होता. चौथरा, वर निमुळता खांब, खाली अक्षरांच्या जागी टिंबटिंब. कातडीवर उठलेला, पण खांबच.

"काय दिसतंय?" कोंडीरामांनी विचारलं.

"खांब," मनमोहन म्हणाले. त्यांनी घाईघाईने फोन वर केला, दिवा ओढून जवळ घेतला, एक फोटो काढला, दुसरा काढला. दोघांनी पडद्यावर बघितलं. पडद्यावर एक म्हातारं कपाळ होतं, घामाने चकाकणारं, आणि मध्ये लाल डाग. डोळ्यांना जे दिसत होतं ते फोटोत आलंच नाही. तिसरा काढला तेव्हा डागही फिकट झाला होता.

मनमोहन उठले, फेऱ्या मारायला लागले. तिसऱ्या फेरीला थांबले. "मी कोरतो," ते म्हणाले. "मी बघितलाय. एकेक कड माझ्या डोळ्यांत आहे. उद्या रात्रीपर्यंत साचा करतो, जुनं पितळ आहे माझ्याकडे, ठोकून देतो. काही खोटं नाही त्यात. जसा होता तसाच."

मघाशी ह्याच तोंडाने खोट्या कामाला नाही म्हणणारा माणूस तो. कोंडीरामांना त्याची फार माया आली.

"नको, शेठ," ते म्हणाले. "मग ती तुमची अक्षरं."

मनमोहन पाटावर बसले आणि उगीचच सुरी पुसत राहिले.

कोंडीरामांनी फट पडलेलं पितळ आणि सपाट लाख दोन्ही रुमालात बांधलं. गाठ नीट मारली. मग भिंतीला टेकून बसले, मान सरळ, हलायचं नाही असं ठरवून. कपाळ अजून हुळहुळत होतं. हुळहुळतंय तोवर आहे, असा त्यांनी हिशेब धरला. समोरच्या घड्याळात एकला दहा कमी होते. प्रिती येईल. तिला डोळे आहेत, तरुण. तिला दिसेल. घरातल्या एका तरी माणसाला दिसायला हवा. घाम येत होता तरी त्यांनी तो पुसला नाही.

ती एक वाजून पाच मिनिटांनी आली, धावतपळत, खांद्याला पिशवी. "झालं का आजोबा? निघालं का काही आतून?" आणि मग जवळ येऊन, "अगो बाई, कपाळाला काय झालं?"

कोंडीरामांनी मान वर केली, दिव्याच्या बाजूला. "बघ," ते म्हणाले. "नीट बघ. काय आहे?"

प्रितीने हनुवटीला धरून त्यांचा चेहरा वळवला. मनमोहन सुरी हातात धरून तिच्याकडे बघत होते.

"लाल झालंय नुसतं," ती म्हणाली. "भाजलं ना? तुम्हाला किती वेळा सांगितलं आजोबा, गरम वस्तूंजवळ बसायचं नाही. थांबा, माझ्याकडे मलम आहे."

तिने पिशवीतून ट्यूब काढली, बोटावर मलम घेतलं आणि त्यांच्या कपाळावर चोळायला लागली. गोल गोल, हलक्या हाताने, मायेने. कोंडीरामांनी तिचा हात धरायला आपला उचलला होता, तो परत गुडघ्यावर ठेवला.